शंकरपाळ्यांचं सासर

"छपराचं माप कुठाय?" शालनमावशीनं विचारलं.

अप्पांच्या कटिंगच्या टेबलावर मैद्याची भलीमोठी पोळी पसरली होती. एरवी तिथं सफारीचं कापड असायचं. मावशीच्या गळ्यात टेप होता, कानामागे खडू होता आणि हातात करंजीचं कातणं होतं.

"छपराचं माप नाही कुणाकडं. अंदाजे कर की," मी म्हणालो.

मशीनवरच्या अप्पांचा पाय थांबला. आईनं कढईतून झारा वर काढला आणि तसाच धरला. आम्ही शिंपी. आमच्या घरात 'अंदाजे' हा शब्द फक्त दुसऱ्या शिंप्याबद्दल बोलताना वापरतात.

"अंदाजे शिवलेलं कुठं ना कुठं काचतंच," अप्पा म्हणाले आणि पुन्हा पायडल मारायला लागले. ते त्या वेळी नारळासाठी थ्री पीस सूट शिवत होते.

नारळाचं सांगायला हवं. वृषालीताईचं लग्न ठरलं होतं आणि आम्ही रुखवत करत होतो. कार्यालयात नवऱ्याकडच्यांना दाखवायला मुलीकडच्यांनी मांडायचा तो सगळा पसारा: लाडवांचे डोंगर, सुपाऱ्यांची वरात, काड्यांचं देऊळ, आणि नवरा-नवरीच्या वेषातले दोन नारळ. हल्ली तयार रुखवत भाड्यानं मिळतं. सकाळी टेम्पोनं येतं, संध्याकाळी टेम्पोनं जातं, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एखाद्या मुलीचं होतं. ते आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून मावशी म्हणायची की ते आम्हाला पटणारं नाही. दुकानातल्या चिंध्या, दोऱ्याची रिकामी रिळं, मिक्सरच्या खोक्यातलं थर्माकोल आणि आईच्या हातचं तळण, एवढ्यावर आमचं रुखवत उभं राहणार होतं. नारळाच्या कोटाला अप्पांनी आतला खिसासुद्धा केला होता. लग्नात खऱ्या नवऱ्याचा कोट काखेत ओढत होता. नारळाचा कुठंही ओढत नव्हता.

पण मावशीचा जीव होता तो रुखवतातल्या घरात. गेल्या वर्षी कऱ्हाडातल्याच पिशांच्या मुलीच्या रुखवतात बिस्किटांचा बंगला होता, पुढं जेलीचा पोहण्याचा तलाव. लोकांनी इतकं कौतुक केलं की मावशीला तिथलं जेवण गेलं नाही.

"त्या बंगल्याला जिना नव्हता," ती अजून सांगायची. "माणसं वर जाणार कशी? उडत?"

म्हणून मावशीनं ठरवलं होतं की आपण कुठलं तरी घर करायचं नाही. ताईचं सासरच करायचं. विट्यातलं खटावकरांचं घर, आहे तसं, जिन्यासकट, मापात, शंकरपाळ्यांचं.

अडचण एवढीच होती की ते घर कुणालाच नीट आठवत नव्हतं. बैठकीला सगळे जाऊन आले होते. माझी परीक्षा होती म्हणून मी तेवढा नव्हतो. आई म्हणायची पुढं दोन खिडक्या आहेत. मावशी म्हणायची तीन. अप्पांना फक्त पडद्यांची शिवण वाकडी होती एवढं आठवत होतं.

"वरच्या मजल्यावर काय आहे?" मी विचारलं.

"अडगळीची खोली आहे म्हणाल्या विहीणबाई," आई म्हणाली. "जिन्याच्या दाराला कुलूप होतं."

"नंदू जाऊन मोजून येईल," मावशीनं जाहीर केलं. "नाहीतरी घरात बसून काय करतोय? पण कुणाला दिसायचं नाही. सरप्राइज आहे."

ताई खाली बसून सुपारीला मुंडावळ्या बांधत होती. ती म्हणाली, "सासरच मोजायला पाठवताय? विहिणीचंही माप घेऊन ये मग."

ताई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिच्या मानेवर डाव्या बाजूला पांढरा डाग होता, कानाखालून गळ्यापर्यंत उतरलेला. अप्पा तिचे ब्लाउज बंद गळ्याचे शिवायचे आणि ताई बघण्याच्या कार्यक्रमात, पोह्यांच्या बशा ठेवून झाल्या की, गळा बाजूला करून डाग दाखवायची. "नंतर दिसायचा त्यापेक्षा आत्ता बघा," म्हणायची. मग पाहुणे पोहे छान झालेत म्हणायचे आणि पुन्हा दिसायचे नाहीत. खटावकरांच्या आई मात्र डागाकडं नीट बघून म्हणाल्या होत्या, "आम्हाला चालतंय. एकुलता एक मुलगा आहे आमचा, घर सांभाळणारी पाहिजे." त्या दिवशी आईनं देवाला पेढे ठेवले. ताईनं अप्पांना सांगितलं, "लग्नाचा ब्लाउज मोकळ्या गळ्याचा शिवा." अप्पांनी तो शिवताना तीनदा उसवला. त्यांचा हात सवयीनं गळा बंदच करत होता.

मी विट्याला गेलो. खिशात टेप होता आणि पिशवीत तीन पुड्या: कमी तळलेल्या, बेताच्या तळलेल्या आणि जास्त तळलेल्या शंकरपाळ्या. भिंतीचा रंग ताडून बघायला.

घराची पुढची बाजू मी समोरच्या पानटपरीवर उभं राहून डोळ्यांनीच मोजली. मागच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. भर दुपार होती, बोळात कुणी नव्हतं. मी भिंतीला टेप लावला.

"टेप उलटा धरलाय," वरून आवाज आला.

वर एक खिडकी होती, गजांची. गजांमागे निळ्या शर्टातला एक बारीकसा माणूस उभा होता. दाढी पांढरी व्हायला लागलेली. मी टेप बघितला. खरंच उलटा धरला होता.

"भिंतीला काय शिवतोयस?" त्यानं विचारलं.

"शिवत नाही. घर मोजतोय. शंकरपाळ्यांचं करायचंय."

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं आणि ते मलाच कसंतरी वाटलं. त्याला काही वाटलं नाही.

"खाऱ्या का गोड?"

"गोड."

"मुंग्या लागतील."

"टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणार आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. त्याचं समाधान झालेलं दिसलं. "रंग कुठला देणार?"

मी तिन्ही पुड्या उघडून एकेक शंकरपाळी भिंतीला लावून दाखवली. त्यानं गजांना कपाळ टेकवून बराच वेळ बघितलं.

"मधली," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण चव बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

गजांमधून एक दोरी खाली आली. तिच्या टोकाला दुधाची पिशवी बांधलेली होती. मी पुडी पिशवीत ठेवली, दोरी वर गेली. त्यानं मधली खाल्ली, मग नापास झालेल्याही मागवून खाल्ल्या. मोबदला म्हणून त्यानं दोरी खिडकीपासून जमिनीपर्यंत सोडली, तिला गाठ मारली, ती खाली टाकली आणि सांगितलं, "ही उंची. आतलं माप पाहिजे असेल तर तेही सांगतो. पाठ आहे मला."

"तुम्ही बरीच वर्षं आहात का इथं?"

"हर्षद चड्डीत होता तेव्हापासून वर आहे."

म्हणजे जुना भाडेकरू, असं मी धरून चाललो. हर्षद म्हणजे आमचे होणारे भावोजी.

"यात माणसं करणारेस का?" त्यानं विचारलं.

"नाही. नुसतं घर."

"नुसतं घर कसलं? मला कर. असाच, खिडकीत. निळा शर्ट. मुकुंद नाव माझं, पण नाव लिहू नकोस, जागा पुरायची नाही."

"बरं."

"आणि गज करू नकोस."

"का?"

"खाताना टोचतात." मग तो म्हणाला, "लग्न झालं की हे खातात ना सगळं?"

"हो. फोडून वाटतात."

"मग मला कोण खाणार?"

"ज्याच्या वाट्याला येईल तो."

तो विचारात पडला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की हा प्रश्न आजवर कुणी नीट हाताळलेलाच नाही.

"चांगल्या माणसाला दे," तो म्हणाला. "आणि ती येणारे ना नवीन, ती वर येईल का रे?"

"येईल की. नव्या घरात सगळे आधी गच्चीच बघायला जातात."

"इकडं गच्ची नाही. मीच आहे."

तेवढ्यात आत कडी वाजली. "जेवण आलं," असं म्हणून तो खिडकीतून गेला. ताट ठेवल्याचा आवाज आला आणि कडी पुन्हा वाजली. मी गाठीची दोरी गुंडाळून खिशात घातली आणि एस.टी. पकडली.

"वर अडगळ नाही," घरी मी सांगितलं. "भाडेकरू आहे. मुकुंद म्हणून."

आईचा चेहरा उजळला. "भाडंही येतंय म्हणजे. बोलल्या नाहीत बघ विहीणबाई. मोठेपणा मिरवत नाहीत."

"कसा आहे माणूस?" ताईनं विचारलं.

"गप्पिष्ट. शंकरपाळ्यांतलं कळतं त्याला. मला खिडकीत कर म्हणालाय."

"रुखवतात भाडेकरू?" मावशी म्हणाली. "उद्या दूधवाला म्हणेल मलाही करा."

"शब्द दिलाय मी."

"राहू दे गं मावशी," ताई म्हणाली. "घरात माणूस दिसलेला बरा."

घर फार सुंदर झालं, हे मी आजही सांगतो. गुळाच्या पाकानं चिकटवलेल्या भिंती, तिळाच्या चिक्कीचं छप्पर, रिळांचे खांब, पुढं बर्फीचं तुळशीवृंदावन, बाजूनं वर जाणारा शंकरपाळ्यांचा जिना. अप्पांनी फूटपट्टी लावून पायऱ्या तपासल्या. मागच्या खिडकीत मी मुकुंद उभा केला. खारकेचं अंग, त्यावर निळ्या साखरेचा शर्ट, शेंगदाण्याचं डोकं. एक हात काजूचा, खिडकीबाहेर काढलेला. गज केले नाहीत.

लग्नाच्या दिवशी मावशीनं रुखवताचं टेबल भिंतीला लावू दिलं नाही. "मागची बाजू बघायला येऊ दे लोकांना. पिशांच्या बंगल्याला मागची बाजूच नव्हती." टेबल कार्यालयाच्या मधोमध आलं. पायांखाली पाण्याच्या वाट्या. ताई फोटोसाठी बाजूला उभी राहिली, डोक्याला मुंडावळ्या, गळा मोकळा, डाग दिव्यात चमकत असलेला. ती कुणाकडंही बघून हसत होती.

खटावकरांच्या बायका आल्या. विहीणबाई पुढं, त्यांच्या मागं हर्षदची म्हातारी आत्या आणि बाकीच्या. घर बघून विहीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई, आपलंच की. तुळससुद्धा. खिडक्या किती बरोबर केल्यात."

"दोनच आहेत ना?" आईनं मावशीकडं बघत विचारलं.

"दोनच."

आत्याबाई काठी टेकत टेबलाला वळसा घालून मागं गेल्या. त्यांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून त्या वाकल्या आणि मग कौतुकानं म्हणाल्या, "वैनी, हे बघितलंस का? मुकुंदपण केलाय."

सनईची कॅसेट चालू होती ती तेवढी वाजत राहिली.

विहीणबाई टेबलाच्या मागं आल्या. त्यांनी खिडकीतल्या माणसाकडं बघितलं. थोडा वेळच, पण नीट बघितलं. मग दोन बोटांनी त्याला खिडकीतून उचललं आणि तोंडात टाकलं. खारीक चावायला कठीण असते. बराच वेळ लागला.

"भाडेकरू ना तो तुमचा?" मावशीनं विचारलं. तिला वाटलं, खिडकी चुकीची झाली की काय.

विहीणबाईंनी चावत चावतच मान हलवली. "भाडेकरूच. होता. गेला."

"भाडेकरू कसला?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांना ऐकूही कमी येत होतं, त्यामुळं आवाज मोठा होता. "अगं, थोरला नव्हे का तो हर्षदचा..."

"वन्सं, बसा चला. पाय दुखतील तुमचे," असं म्हणून विहीणबाईंनी त्यांचा दंड धरला.

"ताई, इकडं बघा, हसा," फोटोग्राफर म्हणाला. ताईनं बघितलं. हसली नाही. तरी त्यानं फोटो काढला. तो अल्बममध्ये आहे.

नवरीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो: ताई, आई, अप्पा, मावशी आणि मी. दार लावलेलं होतं. बाहेर पंगतीची पानं मांडल्याचा आवाज येत होता. मग दार ढकलून विहीणबाई आत आल्या आणि त्यांनी दार पुन्हा लावून घेतलं.

"तो वेडा नाही," त्या म्हणाल्या. "जरा वेगळा आहे. वर असतो. कुणाला त्रास नाही त्याचा."

"तुम्ही एकुलता एक म्हणालात," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मापात होता.

"लग्नाचा एकच आहे. खोटं काय बोलले मी?" विहीणबाई ताईकडं वळल्या. "आणि तुझ्या डागाला आम्ही काही म्हटलं का, सांग बरं?"

"मी डाग दाखवला होता," ताई म्हणाली. "तुम्ही नाही दाखवलं."

"दाखवलं असतं तर आला असता तुम्ही?"

खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि ते विहीणबाईंच्या बाजूचं होतं.

"गुरुजी वाट बघतायत," त्या म्हणाल्या. जाता जाता थांबल्या. "घर छान केलंय. कोणी बनवलं?"

"मी," मी म्हणालो.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि गेल्या. त्या मनापासूनच म्हणाल्या होत्या, असं मला अजून वाटतं.

"वृषू, तू म्हणशील तसं," अप्पा म्हणाले. मग खिडकीतून पंगतीकडं बघितलं. "पानं मांडलीत म्हणा. पण तू म्हणशील तसं." तिच्या ब्लाउजच्या गळ्याशी एक दोरा सुटला होता. त्यांनी तो बोटाला गुंडाळला, वाकून दातानं तोडला आणि मग दातात तोच दोरा धरून उभे राहिले.

मावशी रडायला लागली. "पिशांनी तलाव केला, काही झालं नाही. मी जिना केला तर हे."

"नंदू," ताई म्हणाली, "तो काय बोलला होता तुझ्याशी? सगळं सांग."

"टेप उलटा धरलाय म्हणाला. मधला रंग चांगला म्हणाला. गज करू नकोस म्हणाला, खाताना टोचतात."

ताईच्या ओठाचा कोपरा हलला. "आणि?"

"मला चांगल्या माणसाला दे म्हणाला."

"आणि?"

"नवीन येणारी वर येईल का, विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"येईल म्हणालो."

ताई पलंगावर बसली. आरशात तिची मान दिसत होती. बाहेर कोणीतरी हाक मारत होतं की मामा कुठायत, मामांना बोलवा. कुणी 'नको' म्हणेल म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. अप्पा नारळाच्या सुटाकडं बघावं तसे ताईकडं बघत होते, म्हणजे आता आणखी काही करता येणार नाही अशा नजरेनं.

"मावशी," ताई म्हणाली, "पदर जरा वर घे. इथं, गळ्याशी. पिन लाव."

मावशीनं डोळे पुसले आणि स्वतःच्या पदराची पिन काढली. पदर वर आला, डाग झाकला गेला. एका पिनेनं आपलं काम चोख केलं. अप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ताई उठली आणि म्हणाली, "चला. गुरुजी ताटकळलेत."

लग्न लागलं. जेवणं झाली. संध्याकाळी रुखवत फोडून वाटलं तेव्हा पोरांनी आधी छप्पर खाल्लं, मग भिंती. जिना विहीणबाईंनी डब्यात भरून घेतला, वाया जायला नको म्हणून.

पहिल्या दिवाळीला फराळ घेऊन मी विट्याला गेलो. ताईनं दार उघडलं. बंद गळ्याचा ब्लाउज होता. विहीणबाई झोपाळ्यावर बसून वाती वळत होत्या आणि त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. भावोजी दुकानात होते. मी चहा प्यालो, चकल्यांचं कौतुक ऐकलं, अप्पांच्या पाठीबद्दल सांगितलं. मग माझी नजर जिन्याच्या दाराकडं गेली. कुलूप होतं.

"वर काय आहे गं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण चहा संपला होता आणि बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं.

विहीणबाईंची वात थांबली.

"वर अडगळ आहे," ताई म्हणाली.

ती अगदी सहज म्हणाली. मुद्दाम पाठ करून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

निघताना तिनं माझ्या हातात कागदाची पुडी दिली. आत दोन चकल्या आणि अनारसा होता. विहीणबाईंना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाली, "मागच्या बोळातून जा. स्टँड जवळ पडतं."

स्टँड पुढच्या बाजूला होतं. मी मागच्या बोळातून गेलो.

खिडकीला आता पत्रा ठोकला होता. वरच्या बाजूला वीतभर फट तेवढी राहिली होती, गजांच्या टोकांपुरती. दोरी खाली यायची सोय नव्हती.

"मुकुंददादा," मी हाक मारली.

आत कॉट सरकल्याचा आवाज आला. फटीत कपाळ आणि दोन डोळे आले.

"टेप आणलास?"

"नाही. फराळ आणलाय. ताईनं दिलाय."

"फेक."

मी चकली फेकली. ती पत्र्यावर आपटून बोळात पडली. दुसरीही. अनारसा फटीजवळ पोचला, गजावर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. दोन्ही माझ्याच बाजूला पडले. कोपऱ्यावरचं कुत्रं उठून आलं आणि घाई न करता खायला लागलं.

"राहू दे," मुकुंददादा म्हणाले. "वास आला."

आम्ही थोडा वेळ कुत्र्याकडं बघत राहिलो. त्यांना ते दिसत नसणार, पण चावल्याचा आवाज ऐकत होते.

"ती वर आली नाही," ते म्हणाले.

"किल्ली नसते तिच्याकडं."

"मग बरोबर." जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मला केलं होतंस का रे?"

"केलं होतं. खिडकीत."

"निळा शर्ट?"

"निळा."

"गज?"

"नाही केले."

"मग? कोणी खाल्लं मला?"

मी मान वर करून फटीकडं बघितलं. दुसरं एखादं नाव घेता आलं असतं. एकही आठवेना.

"तुमच्या आईनं," मी म्हणालो.

डोळे फटीतून गेले. कॉट करकरली. मला वाटलं आता ते येणार नाहीत. पण परत आले.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"टाकलं नाही ना काही?"

"काही नाही."

"म्हणजे आवडलो असेन," ते म्हणाले.